पेरोल सॉफ्टवेअरमध्ये जेवणाचा बिनपगारी ब्रेक कसा लावायचा? हाफ डेवाल्याचाही अर्धा तास कापला जातोय

तुम्ही लिहिलंय की शिफ्ट साडेआठ तासांची, त्यात जेवणाचा अर्धा तास बिनपगारी, आणि सॉफ्टवेअर तो अर्धा तास चार तास येऊन गेलेल्या माणसाचाही कापतंय. अगदी हेच माझ्याकडे झालंय. मी इंदुरात सांवेर रोडवर एका नमकीनच्या कारखान्यात हजेरी आणि पगाराचं बघते, रोजंदारीवाले बरेच आहेत, त्यामुळे या अर्ध्या तासाने माझं डोकं खूप खाल्लंय.

मूळ चूक अशी की ब्रेक तुम्ही शिफ्टला चिकटवलाय. तो तिथून काढा आणि प्रत्यक्ष भरलेल्या तासांना लावा, म्हणजे पाच तासांच्या वर काम झालं तरच अर्धा तास कापायचा, नाहीतर शून्य. पाचचा आकडा हवेतून नाही आला, १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम ५५ मध्ये होतं की सलग पाच तासांहून जास्त काम नको, त्याआधी निदान अर्धा तास विश्रांती द्यायची. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, म्हणून तुमच्या राज्याचा आजचा आकडा कन्सल्टंटला विचारून घ्या आणि मग टाका.

पण एवढ्यावर थांबू नका, मी थांबले आणि फसले. "पाच तासांवर गेलं की तीस मिनिटं काप" एवढंच लिहिलं, तर पाच तास काम करणाऱ्याला पाच तासांचे पैसे आणि पाच तास दहा मिनिटं करणाऱ्याला चार तास चाळीस मिनिटांचे. पॅकिंगमधला एक पोरगा एके दिवशी माल गाडीत चढवायचा म्हणून दहा मिनिटं जास्त थांबला, आणि पगाराच्या दिवशी स्लिप घेऊन माझ्यासमोर उभा, "मैडम, दस मिनट रुका तो पैसे कम हो गए?" काय उत्तर देणार? बरोबरच होतं त्याचं. यावर उपाय असा की कपात फक्त पाच तासांच्या वरच्या भागातूनच करायची, मतलब ५:१० ला दहा मिनिटं कापा, ५:२० ला वीस, आणि साडेपाचपासून पूर्ण तीस. काही सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळी टिक असते, नसेल तर स्लॅब बनवावे लागतात, कंटाळवाणं काम आहे पण करा.

दुसरी भानगड पंचची, म्हणजे हजेरीच्या मशीनवर येण्या-जाण्याची जी नोंद होते तिची. तुमचं मशीन तास कसे मोजतं ते आधी बघा, पहिला आणि शेवटचा पंच धरतं की मधले येण्या-जाण्याचे पंचही. कारण माणूस साडेबाराला बाहेरचा पंच करून एकला परत आत आला तर त्याचा अर्धा तास आधीच गेला, वरून ऑटो डिडक्ट (सॉफ्टवेअरने ब्रेक आपोआप कापणं) चालू असेल तर अजून एक अर्धा जातो आणि आठाचे साडेसात होतात. हे कुणाच्या लक्षात येत नाही कारण रिपोर्टमध्ये दोन्ही वेगवेगळ्या कॉलममध्ये दिसतं. रोज ५६० रुपये धरा, तासाला ७० झाले, अर्ध्या तासाचे ३५, आणि २६ दिवसांचे ९१०. गरीब माणसाचे ९१० रुपये! आणि हो, तो ७० चा रेट काढताना ५६० ला आठाने भागायचं, साडेआठाने नाही. ब्रेक धरून भागलं तर तासाचा रेट आधीच कमी होतो आणि वर ब्रेकही कापला जातो.

मी तर पॅकिंग हॉलला लंचचा पंचच ठेवला नाही, घंटी वाजते, सगळे एकदम उठतात, मशीनपुढे लाइन लावण्यात कशाला त्यांची दहा मिनिटं घालवायची. तिथे ऑटो. गाडीवाले आणि सेल्सवाले मात्र पंचवर.

आता कढईवाले. भट्टी चालू असताना सेव सोडून माणूस जेवायला जाऊ शकत नाही, बदली माणूस आला तरच जातो. बदली आला नाही तर त्याने कढईपाशीच उभ्याउभ्या दोन घास खाल्ले, याला ब्रेक म्हणत नाहीत आणि त्याचे पैसे कापायचे नाहीत. त्यासाठी सुपरवायझरला "ब्रेक मिळाला नाही" अशी नोंद करता यायला हवी आणि तीस मिनिटं परत जोडली जायला हवीत. माझं स्पष्ट मत, ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नाही त्यात ऑटो डिडक्ट चालूच करू नये.

सकाळच्या पोह्यांची आणि चहाची दहा-पंधरा मिनिटं? ती कापू नका, नियमातच टाकू नका.

बाहेरचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचे डिफॉल्टही बघून घ्या. ओव्हरटाइमच्या दिवशी आमच्याकडे दहा तासांनंतर अजून एक अर्धा तास उडायचा, मी हैराण. मग कळलं टेम्प्लेट अमेरिकेचं आहे, कॅलिफोर्नियात पाच तासांवर एक आणि दहा तासांवर दुसरा असे दोन जेवणाचे ब्रेक कायद्याने द्यावे लागतात. आमच्या लोकांना दुसरा ब्रेक मिळतच नव्हता, नुसता कापला जात होता. बंद केला.

ओव्हरटाइम असेल तर क्रम महत्त्वाचा, आधी ब्रेक वजा, मग ओव्हरटाइम. उलटं झालं तर सगळ्यांना रोज फुकट अर्धा तास डबल रेटने लागतो आणि मग शेठजी तुम्हाला बोलावतात. रात्रपाळीला ब्रेकची वेळ घड्याळाने टाकू नका, रात्री दोनचा ब्रेक पुढच्या तारखेला जाऊन बसतो, "शिफ्ट सुरू झाल्यापासून चार तासांनी" असं टाका.

लावण्याआधी एक खोटा कर्मचारी बनवून त्याच्या नावावर एवढे तास भरतील असे पंच टाका, ४:००, ५:००, ५:१०, ८:३० आणि १०:४५. उत्तरं ४:००, ५:००, ५:००, ८:०० आणि १०:१५ यायला हवीत, यातलं एकही चुकलं तर कुठेतरी टिक राहिलीये. आणि नियम पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लावा. मी घाईत मागची तारीख टाकली होती, जुन्या दोन महिन्यांचे पगार परत मोजले गेले आणि बँकेत गेलेल्या रकमा व स्लिपा जुळेनात, ते निस्तरायला माझा आख्खा रविवार गेला.