इंग्रजीतील जुळे शब्द : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गल्लीत वह्या-पेनांची दोन दुकाने आहेत. दोन्ही पाट्यांवर देवनागरीत ‘स्टेशनरी’ असेच लिहिलेले आहे; मात्र खालच्या इंग्रजी अक्षरांत एकाने शेवटच्या ‘आर’च्या आधी ‘ए’ घातला आहे आणि दुसऱ्याने ‘ई’. बरोबर कोण? या फरकाला काही कारण आहे, की तो नुसता पाठ करायचा? (एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव)

उत्तर : ‘ई’ लिहिणारा दुकानदार बरोबर आहे. ‘ए’ घातला की त्याच शब्दाचा अर्थ ‘एका जागी थांबलेले’ असा होतो; सिग्नल न मिळाल्यामुळे शीव आणि कुर्ल्याच्या मधे उभी राहिलेली लोकल ही ‘ए’ची स्टेशनरी. पाठांतराची मात्र आवश्यकता नाही, कारण इंग्रजीत व्यवसाय करणाऱ्याचे नाव ‘ई-आर’ने संपत असेल, तर त्याच्या धंद्याच्या किंवा मालाच्या नावातही तो ‘ई’ टिकतो. बेकरवरून बेकरी होते, ग्रोसरवरून ग्रोसरी होते, त्याचप्रमाणे कागद-लेखण्या विकणाऱ्या स्टेशनरवरून स्टेशनरी झाली.

आता हा स्टेशनर कोण, ते पाहण्यासारखे आहे. मध्ययुगीन युरोपात पुष्कळसा किरकोळ व्यापार फेरीवाल्यांच्या हाती होता. अशा काळात विद्यापीठांच्या आसपास कायमचे दुकान मांडून पुस्तके विकणाऱ्याला लॅटिनमध्ये ‘स्टातिओनारिउस’, म्हणजे ठरलेल्या जागी बसणारा, असे म्हणत. लंडनमधील स्टेशनरांच्या संघाला १५५७ साली राजसनद मिळाली. म्हणजे थांबलेली लोकल आणि वह्यांचे दुकान या दोन्ही अर्थांचे मूळ एकच असून ते ‘उभे राहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. संस्कृतातील ‘स्था’ हा त्या धातूचा सख्खा भाऊ, आणि शिलाहारांच्या लेखांत श्रीस्थानक म्हणून येणारे आपले ठाणेही त्याच ‘स्था’चे. ‘ठाणे स्टेशन’ असे म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो, हे जाता जाता सांगण्याचा मोह आवरत नाही.

आपल्याकडे हा गोंधळ अधिक होतो, कारण हे शब्द आपल्या कानावर आधी पडतात आणि इंग्रजी अक्षरांत नंतर दिसतात. देवनागरीत दोन्ही ‘स्टेशनरी’ एकसारख्याच लिहिल्या जात असल्याने फरक डोळ्यांना कधी जाणवतच नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ किंवा ‘शिर’ आणि ‘शीर’ यांत आपली लिपी ऱ्हस्व-दीर्घाने निदान इशारा तरी देते. पाट्या मराठीत असण्याविषयीच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाल्यापासून देवनागरी अक्षरे ठळक झाली, त्यामुळे आपल्या गल्लीतल्या त्या ‘ए’कडे आता फारसे कोणी पाहणार नाही, हे त्या दुकानदाराचे भाग्य.

प्रश्न : गृहकर्जाच्या पत्रात मुद्दलाला ‘प्रिन्सिपल’ म्हटले होते, परंतु शेवटी ‘एल-ई’ होते. हे चालते का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : चालत नाही. ‘एल-ई’चा प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व. जिथे ‘मुख्य’ हा अर्थ बसतो तिथे ‘ए-एल’ लिहावे : मुद्दल ही कर्जातील मुख्य रक्कम, प्राचार्य हे महाविद्यालयाचे मुख्य. प्राचार्य हे विद्यार्थ्यांचे ‘पॅल’, म्हणजे मित्र, अशी खूण शाळेत सांगतात. कर्जाच्या मुद्दलाला ती लावणे अवघड आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत भाडेकरूंच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारांची नोंद ठेवताना ‘लायसन्स’मध्ये ‘सी’ लिहावा की ‘एस’, यावर कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. (सचिव, एक गृहनिर्माण संस्था, मुलुंड)

उत्तर : आजच्या ब्रिटिश प्रघातानुसार नाम असेल तर ‘सी’ आणि क्रियापद असेल तर ‘एस’. परवाना हा ‘सी’ने लिहायचा, परवाना देणे हे ‘एस’ने. ‘प्रॅक्टिस’लाही हाच नियम लागू होतो. या दोन्ही जोड्यांत उच्चार बदलत नसल्याने शंका आल्यास ‘अ‍ॅडव्हाइस’ आणि ‘अ‍ॅडव्हाइझ’ ही जोडी मनात म्हणून पाहावी. तिथे नाम आणि क्रियापद यांतील फरक कानाला ऐकू येतो, आणि जिथे ‘अ‍ॅडव्हाइस’ बसते तिथे ‘सी’ घालावा. अमेरिकेत मात्र लायसन्स दोन्ही अर्थांनी ‘एस’ने आणि प्रॅक्टिस दोन्ही अर्थांनी ‘सी’ने लिहितात. संगणकाची भाषा अमेरिकी इंग्रजीवर ठेवलेली असली, तर आपल्या बरोबर शब्दाखालीही तो लाल रेघ ओढतो.

तरीही आपल्या कार्यकारिणीतील ‘एस’वाल्यांना चूक ठरवण्याची घाई करू नये. वाहन चालवण्याचा परवाना १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ‘सी’ने येतो, पण दुसऱ्याच्या जागेचा वापर करण्याच्या परवानगीची व्याख्या ज्या १८८२च्या सुविधाधिकार कायद्याच्या ५२व्या कलमात आहे, तिथे नाम असूनही ‘एस’ छापलेला आहे. माझे मत विचाराल, तर सोसायटीच्या पत्रव्यवहारात ‘सी’ ठेवावा आणि नोंदणीकृत कराराचे शीर्षक उद्धृत करताना ते करारात जसे असेल तसेच उतरवावे.

प्रश्न : ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ यांत फरक काय? (एक विद्यार्थी, परळ)

उत्तर : मराठीत दोन्हींना ‘ऐतिहासिक’ हा एकच शब्द असल्याने हा प्रश्न पडतो. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी गेटवे ऑफ इंडियामधून निघून गेली. ती घटना हिस्टॉरिक, कारण ती इतिहासात मोलाची ठरली. त्या दिवसाविषयीचे कागदपत्र, मग ते कितीही क्षुल्लक असोत, हिस्टॉरिकल. ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ यांत मराठी माणसाने चुकू नये, कारण आपल्याकडे ‘आर्थिक’ आणि ‘काटकसरीचे’ असे दोन वेगळे शब्द आहेतच : रिझर्व्ह बँकेचा अहवाल इकॉनॉमिक, लोकलचा मासिक पास इकॉनॉमिकल.

प्रश्न : माहुलकडून येणाऱ्या पेट्रोलच्या काही टँकरांवर ‘इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते, तर काहींवर ‘फ्लेमेबल’. ‘इन’ नकारार्थी असेल, तर पहिल्या टँकरमधील पेट्रोल जळत नाही असे म्हणायचे का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : दोन्ही टँकरांपासून सारखेच दूर राहावे. लॅटिनमधून इंग्रजीत आलेले ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, तो ‘इन्करेक्ट’मध्ये दिसतो, दुसरा ‘आत’ या अर्थाचा. पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात हा दुसरा ‘इन’ आहे आणि तोच ‘इन्फ्लेमेबल’मध्ये आला. आपल्यासारखाच गैरसमज कामगारांचा होऊन जिवावर बेतेल, या काळजीने अमेरिकेतील अग्निसुरक्षा संघटनेने १९२०च्या दशकात ‘फ्लेमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गीकरणातही पेट्रोलचा तिसरा वर्ग ‘फ्लेमेबल’ द्रवांचाच आहे. न जळणाऱ्या पदार्थासाठी ‘नॉन-फ्लेमेबल’ लिहितात.

नकाराचा ‘इन’ असूनही अर्थ उणा न होणारा शब्द पाहायचा असेल, तर ‘इन्व्हॅल्युएबल’ पाहावा. त्याचा अर्थ कवडीमोल असा नाही. ज्याचे मोल करता येत नाही ते, म्हणजे आपल्या ‘अमूल्य’सारखेच.