कोरोनाकाळातले पीएम किसानचे पैसे कोणाला मिळाले, हे विचारता येते का?

प्रश्न: लॉकडाउनमध्ये पीएम किसानचे पैसे आले. पण गावातल्या नोकरदारांच्या आणि आयकर भरणाऱ्यांच्या खात्यांवरही ते जमा झाले, असे बोलले जाते. आम्हाला यादी मागता येते का? आणि चुकून मिळालेल्या पैशांचे काय?

उत्तर: मागता येते, आणि मागावीच.

आधी एक गैरसमज दूर करतो. एप्रिल २०२० चे २,००० रुपये ही वेगळी कोरोना मदत नव्हती. या योजनेत शेतकऱ्याला वर्षाला मिळणाऱ्या ६,००० रुपयांतलाच हप्ता केंद्राने गरीब कल्याण पॅकेजमध्ये धरला आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच देण्याचे २६ मार्चला जाहीर केले. तेव्हा अनेक ठिकाणी लिलाव बंद होते, भाजीपाला शेतात सडत होता. त्या पैशांचा आधार झाला, हे मी पाहिले आहे.

नोंदणी मात्र मुख्यतः शेतकऱ्याच्या स्वयंघोषणेवर झाली होती. त्यामुळे काय झाले, ते माहिती अधिकारातल्या एका अर्जाने उघड झाले: जुलै २०२० अखेर देशभरात २०.४८ लाख अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यांतले निम्म्याहून अधिक आयकर भरणारे. पंजाब आणि आसामनंतर तिसरा क्रमांक आपल्या महाराष्ट्राचा. ही बाब मला फार लागते, कारण या योजनेवरचा विश्वास उडाला तर खरा नुकसानीत जातो तो दोन एकरवाला.

गावाची यादी पीएम किसानच्या संकेतस्थळावर ‘लाभार्थी यादी’मध्ये जिल्हा, तालुका, गाव निवडून पाहता येते. अनुदान योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयांनी स्वतःहून प्रसिद्ध करावा, असे माहिती अधिकार अधिनियम २००५ चे कलम ४ सांगते. तरी मिळाला नाही, तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. गावात किती जणांना किती हप्ते मिळाले, किती अपात्र ठरले, वसुली किती झाली, एवढे नेमके विचारा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करा. कोणाचा आधार किंवा खाते क्रमांक मात्र मागू नका, व्हॉट्सॲपवर टाकू तर मुळीच नका. माझ्या मते यादीचे वाचन ग्रामसभेत व्हावे. पारावरच्या कुजबुजीपेक्षा ते केव्हाही बरे.

अपात्र कोण? आधीच्या वर्षी आयकर भरलेले, चतुर्थ श्रेणी सोडून सरकारी कर्मचारी, महिना १०,००० रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले मिळून एक कुटुंब धरतात, म्हणून नवरा-बायको दोघांनी वेगवेगळा हप्ता घेतला असेल तर एकाचा परत करावा लागतो. नोटिशीची वाट न पाहता रक्कम संकेतस्थळावरून परत करा किंवा तालुक्याच्या कार्यालयात लेखी कळवा, आणि पावती जपून ठेवा.

यादी वाचताना सुटलेली नावेही शोधा. वारस नोंद रखडलेली, ई-केवायसी (आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी) न झालेली, बँक खाते आधारशी न जोडलेले असे पात्र शेतकरी प्रत्येक गावात असतात. त्यांना सातबारा, आधार आणि पासबुकाच्या प्रती देऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात पाठवा.