वाचकांचे प्रश्न : आकाशातली ड्रोनची चित्रे आणि त्यांच्याखालची जमीन

प्रश्न : माझी मुलगी फ्रान्समध्ये असते. तिच्याकडे गेलो असताना पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये रात्री राजवाड्याच्या वर ड्रोनच्या दिव्यांनी रेखाटलेली चित्रे पाहिली आणि थक्क झालो. एवढे ड्रोन एकमेकांवर आपटत कसे नाहीत? प्रत्येकामागे एक चालक असतो का? आपल्या सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर जे शोभेचे दारूकाम होते, त्याच्या जागी असा खेळ करता येईल का? वयोमानाने आता धुराचा आणि आवाजाचा त्रास होतो, म्हणून विचारतो.
— एक ज्येष्ठ वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : प्रत्येक ड्रोनमागे चालक नसतो. सगळा ताफा एकाच यंत्रणेवरून उडवला जातो आणि मैदानावरची मोजकी माणसे त्यावर लक्ष ठेवतात. खरे काम आधी संगणकावर झालेले असते. कलाकार चलतचित्र तयार करतो, त्यातला प्रत्येक प्रकाशबिंदू एका ड्रोनच्या वाट्याला येतो आणि कोणत्या क्षणी कुठे असायचे व कोणता रंग दाखवायचा, हे त्या त्या ड्रोनमध्ये आधीच भरून ठेवले जाते. आपल्याला वाटते की ते एकमेकांना पाहून बाजूला सरकतात. पण असे ड्रोन सहसा एकमेकांना पाहत नाहीत. टक्कर टळते ती आखणीमुळे, कारण कोणतेही दोन मार्ग ठरावीक अंतरापेक्षा जवळ येणार नाहीत, याची तपासणी उड्डाणापूर्वीच झालेली असते.

मात्र आखणी कितीही चोख असली, तरी ड्रोनला स्वतःची जागा अचूक कळली पाहिजे. आपल्या मोबाइलमधील जीपीएसमध्ये काही मीटरची चूक सहज राहते आणि तेवढी चूक इथे चालत नाही. म्हणून आरटीके नावाची पद्धत वापरतात. जमिनीवर एका पक्क्या ठिकाणी केंद्र उभारलेले असते. ते उपग्रहांच्या संदेशांतील चूक सतत मोजते आणि दुरुस्ती सर्व ड्रोनना कळवत राहते. त्यामुळे चूक काही सेंटिमीटरवर येते. संधिप्रकाशात उड्डाणाच्या जागेवर गेलात, तर ओळींत मांडलेले ड्रोन आणि त्यांच्या मधून वाकून एकेक बॅटरी बसवत चाललेले कर्मचारी दिसतील. ड्रोनमध्ये पोटाशी एक तेजस्वी रंगीत दिवा, बॅटरी आणि संदेश घेणारा भाग असतो. वजन वाढले की उड्डाणाचा वेळ घटतो, म्हणून बाकी फारसे काही ठेवत नाहीत. एवढे करूनही खेळ साधारण दहा-पंधरा मिनिटांतच आटोपावा लागतो. जानेवारी 2022 मध्ये दिल्लीत बीटिंग रिट्रीट या प्रजासत्ताक दिनानंतरच्या लष्करी सोहळ्याच्या वेळी 1000 ड्रोन उडाले, तो कार्यक्रमही दहा मिनिटांचाच होता.

आता ही कला मनोरंजन उद्यानांत एवढी का रुजली, ते पाहू; कारण आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. 2012 मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ शहरात 49 ड्रोनचा थवा रात्रीच्या आकाशात उडाला. 2016 च्या अखेरीस फ्लोरिडातील डिस्ने स्प्रिंग्ज येथे 300 ड्रोनचा नाताळचा खेळ झाला. पॅरिसच्या उद्यानाने 2022 मध्ये तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त राजवाड्यावर 150 ड्रोन आणले. हा आकडा आज लहान वाटेल, पण खाली राजवाडा, त्यावरची प्रकाशचित्रे आणि कारंजी असल्यामुळे अर्धे चित्र तयारच होते. मला ही रचना हजारोंच्या ताफ्यांपेक्षा अधिक सुंदर वाटते. फटाका एकदा जळला की संपला. ड्रोन मात्र चार्ज करून दुसऱ्या रात्री पुन्हा उडतो, आणि रोज तोच खेळ दाखवणाऱ्या उद्यानाला हे परवडते. त्याहून महत्त्वाची गोष्ट जागेची आहे. उद्यानाला कुंपण असते, प्रेक्षक राजवाड्याकडे तोंड करून एकाच बाजूला उभे असतात आणि ड्रोनच्या खालची जमीन प्रेक्षकांसाठी बंद ठेवता येते.

होम मैदानावर यातले काय आहे? गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेनिमित्त भरणाऱ्या जत्रेच्या, दिवसांत तिथे पाळणे, खेळण्यांची आणि खाण्याची दुकाने आणि चहूबाजूंनी माणसेच माणसे असतात. ड्रोनचे चित्र बहुधा एका दिशेने पाहण्यासाठी आखलेले असते. बाजूने पाहणाऱ्याला ते विस्कटलेल्या ठिपक्यांसारखे दिसते. दारूकाम तसे नाही, ते कुठूनही सारखेच दिसते. शिवाय ड्रोनखाली मोठा मोकळा पट्टा लागतो आणि यात्रेच्या गर्दीत तो मिळणे अशक्य आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून 2025 पासून पुन्हा विमाने ये-जा करू लागली आहेत, त्यामुळे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीचा मुद्दाही येतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की यात्रेच्या मुख्य दिवशी होम मैदानावर हा खेळ नको.

पण तो सोलापुरात नकोच, असे मी म्हणणार नाही. शहराबाहेर एखादे मोकळे मैदान घ्यावे, प्रेक्षकांची बैठक एकाच बाजूला ठेवावी आणि यात्रेच्या आधीची एखादी संध्याकाळ निवडावी. जानेवारीतील आपली हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ असते, ते सोयीचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या अचानक येणाऱ्या वाऱ्यात मात्र हे जमणार नाही. विषयही आपलाच घ्यावा. सात नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या मानाच्या उंच काठ्यांच्या, सात उंच रेषा, एकावर नागाच्या फण्याच्या आकाराची नागफणी, आणि संथपणे पुढे सरकणारी मिरवणूक : हे चित्र ड्रोनला मुद्दाम शोधून दिल्यासारखे आहे, कारण सरळ उभी रेषा थोड्या ड्रोनमध्येही ठसठशीत उमटते. धूर नाही, धमाका नाही. संगीत जमिनीवरच्या ध्वनिक्षेपकांतून येते आणि त्याचा आवाज आवरता येतो. तुमच्यासारख्या ज्येष्ठांना, तान्ह्या बाळांच्या आयांना आणि तलावाकाठच्या पक्ष्यांनाही तो सुसह्य होईल.

प्रश्न : अमेरिकेत असा खेळ पाहताना एक मुलगा जखमी झाल्याचे वाचले. मुलांना अशा कार्यक्रमाला न्यावे की नाही?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ती घटना 21 डिसेंबर 2024 रोजी ऑरलँडो शहरातील इओला तलावावर घडली. नाताळच्या खेळात ड्रोन एकमेकांवर आदळले, काही खाली कोसळले आणि सात वर्षांचा मुलगा गंभीर जखमी झाला. प्राथमिक चौकशीत आढळले, की ड्रोनची सुरुवातीची मांडणी आखणीशी जुळत नव्हती आणि मार्गाची अंतिम माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. खाली पाणी होते, तरी ड्रोन प्रेक्षकांपर्यंत आले. याचा अर्थ मोकळी जागा फक्त ड्रोनच्या थेट खाली असून भागत नाही, तर चुकलेला ड्रोन वेगाने जिथवर जाऊ शकेल, तिथवर ती हवी.

मुलांना अवश्य न्या, पण जागा पाहून बसा. ड्रोन डोक्यावरून जात असतील, किंवा उड्डाणाची जागा आणि प्रेक्षक यांच्यामध्ये पक्का अडसर नसेल, तर तिथून उठा. ठरलेली सीमा ओलांडताच ड्रोन आपोआप खाली उतरेल किंवा त्याची मोटर बंद पडेल, अशी व्यवस्था असते. ती आहे का, हे आयोजकांना विचारण्यात संकोच बाळगू नये. आणि वाऱ्यापावसामुळे खेळ रद्द झाला, तर तिकिटाच्या पैशांवरून त्यांच्याशी भांडू नका. प्रेक्षकांच्या दबावाखाली उडवलेला ताफा अधिक धोक्याचा असतो.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात शिकतो. या क्षेत्रात यायचे असेल, तर काय करावे?
— एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : 2021 च्या ड्रोन नियमांनुसार चालकाच्या प्रमाणपत्रासाठी वय 18 ते 65 आणि शिक्षण किमान दहावी उत्तीर्ण असावे लागते, प्रशिक्षण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेतच घ्यावे. पण या खेळात उडवण्यापेक्षा आखण्याचे काम मोठे आहे. दिल्लीचा 2022 चा ताफा आयआयटीतून निघालेल्या तरुणांच्या कंपनीने उभा केला होता. म्हणून त्रिमितीय चलतचित्रांचे सॉफ्टवेअर शिका, प्रोग्रॅमिंग पक्के करा आणि बॅटरी व रेडिओ संदेशवहनाचे प्रात्यक्षिक काम जिथे मिळेल तिथे करा.