कॅलगरीला येताय, तर आधी टायर

तुम्ही विचारलंत, की ऑक्टोबरात कॅनडात, कॅलगरीला येतोय, बर्फासाठी फोर-व्हील ड्राइव्हच घ्यावी का? उत्तर दोन ओळींचं आहे, पण तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही.

चारही चाकांना ताकद मिळाली की रुतलेली गाडी निघते, चढही चढते. थांबायला तिचा उपयोग नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात, आणि पकड असते टायरची. 7 अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होतं. तेव्हा पैसे आधी हिवाळी टायरांत घाला, चारही, तीन शिखरं आणि हिमकणाची खूण बघून. कॅनडाच्याच क्वेबेक प्रांतात ते 1 डिसेंबर ते 15 मार्च कायद्यानंच लागतात. कॅलगरी ज्यात येतं त्या अल्बर्टा प्रांतात सक्ती नाही, म्हणून मी टाळले.

मी परभणीकडचा. पावसात काळ्या रानातून जीप काढायला वडिलांनी शिकवलं होतं: दुसरा गिअर, रेस बेतानं, चाक जागेवर फिरू द्यायचं नाही, आणि मधे थांबायचं नाही. ताज्या बर्फात हे सगळं कामाला येतं. गोठलेल्या रस्त्यावर मात्र थांबता येणं हेच सगळ्यात अवघड.

इथे परवान्यासाठी आपल्याला लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. विमा कंपनीला भारतात गाडी चालवल्याच्या अनुभवाचं, आरटीओचं पत्र हवं होतं. वडील दुखऱ्या गुडघ्यानं आरटीओत तीनदा जाऊन आले. एकदा सर्व्हर बंद, एकदा साहेब रजेवर. शेवटी पत्र आलं, त्यावर परवाना दिल्याची तारीखच नव्हती. माझी गाडी चालवण्याची चौदा वर्षं शून्य धरली गेली. त्या रागात मी ऐपतीबाहेरची फोर-व्हील ड्राइव्ह घेतली आणि टायर तेच ठेवले.

जानेवारीत शिनूक सुटला. रॉकी पर्वतावरून उतरणारा हा कोरडा वारा काही तासांत पारा 20 अंशांनी चढवतो. बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि सकाळी रस्ता नुसता ओला दिसतो. उणे 20चा बर्फ परवडला, शून्याजवळचा फार घसरतो. सिग्नल लाल होता. मी ब्रेक दाबला, पायाखाली पेडल थरथरलं, आणि गाडी सरळ चौकाच्या मध्यावर गेली. मागे सहा वर्षांची मुलगी. आडवा येणारा ट्रक वळवून गेला. ती म्हणाली, "बाबा, आपण थांबलो का नाही?"

तिच्या आईला मी हे अजून सांगितलेलं नाही. वडिलांनाही सांगायचं राहिलं, पुढच्या वर्षी ते गेले.

एकटेपणाचंही विचारलंत. तो असतो, सवय होते.

पहिला बर्फ पडला की रिकाम्या पार्किंगमध्ये जा. हळू वेगात मुद्दाम ब्रेक मारून गाडी किती लांब सरकते ते बघा. घसरली तर रेसवरून पाय काढा, जिकडे जायचंय तिकडे नजर आणि स्टिअरिंग ठेवा. एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर ब्रेक दाबून धरा, पंप करू नका.

आणि भारतातून निघण्याआधी आरटीओचं पत्र स्वतः जाऊन घ्या. तारीख तिथेच, खिडकीसमोर उभं राहून तपासा. वडिलांना पाठवू नका.