स्टाफ नर्सला नर्सिंग कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल तर पीएचडी लागतेच का?

नाही, पीएचडी लागतेच असं नाही, पण एमएस्सी नर्सिंग हवीच; आणि ट्यूटरपासून (शिकवण्याच्या पहिल्या पायरीपासून) प्राध्यापकपदापर्यंत साधारण एक तप धरून चाला. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषांत पीएचडी 'असल्यास उत्तम' या सदरात येते. मी सोलापुरात नर्सिंग शिकवते, त्यामुळे ही वाट जवळून माहीत आहे. तुमचं बीएस्सी नर्सिंग झालं असेल आणि त्यानंतर वॉर्डात वर्षाहून जास्त काम केलं असेल, तर एमएस्सीच्या प्रवेशासाठी लागणारा एक वर्षाचा अनुभव तुमच्याकडे आहेच. कोर्स २ वर्षांचा, त्यातच प्रबंध.

संशोधनाची भीती बाळगू नका, सोलापुरात विषय दारात आहेत. विडी कामगार बायका मांडीवर सूप घेऊन तासन् तास तेंदूपत्त्यात तंबाखू भरतात. त्यांची मान-पाठदुखी, गरोदरपणातला तंबाखूचा संपर्क, हे सामुदायिक आरोग्य शाखेत फार मोलाचं काम आहे. आधी एथिक्स कमिटीची (संशोधनातल्या सहभागींचं हित तपासणाऱ्या समितीची) मंजुरी घ्या, आणि संमतीपत्र मराठीसोबत तेलुगूतही करा. शहराच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत तेलुगूच बोलतात. न समजलेल्या कागदावरची सही ही संमती नव्हे, याबाबत मी विद्यार्थिनींना अजिबात सूट देत नाही.

मात्र पुढे पीएचडीचे विद्यार्थी स्वतः मार्गदर्शक म्हणून घ्यायचे असतील, तर तुमची पीएचडी झालेली असावीच लागते.