भरतीला मोरीतून पाणी का येतं?

प्रश्न: आम्ही कुर्ल्यात तळमजल्यावर, दरवर्षी नालेसफाई होते तरी भरतीला पाऊस आला की मोरीतून काळं पाणी वर येतं. असं का, आणि पैसा जातो कुठं?

उत्तर: अहो, गाळ काढून अर्धंच काम होतं. तुमच्याकडची गटारं मिठी नदीत, मिठी माहीमच्या खाडीत जाते, भरतीला समुद्रच वर, मग पाणी उलटं फिरणारच! जुन्या गटारांचा हिशोब तासाला २५ मिमी पावसाचा, तो ५० करा असं १९९३च्या ब्रिमस्टोवॅड (मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या) अहवालात होतं, पण फाईल खरी हलली २००५च्या २६ जुलैला ९४४ मिमी पडल्यावर. मग केंद्राने या कामाला १२०० कोटी मंजूर केले, वरचा खर्च पालिकेचा म्हणजे आपल्याच टॅक्सचा. हाजी अली, इर्ल्याला पाणी उपसून समुद्रात टाकणारे पंप बसले. तुम्ही सध्या मोरीच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देतो, उलटं येऊ देत नाही) बसवून घ्या.