‘गाडी बंद पडली का भो?’

प्रिय भाऊ,

मेसेज वाचला. जिमची वर्षाची फी एकदम भरलीस, महिनाभर कसाबसा गेलास आणि आता त्या गल्लीतून गाडीसुद्धा नेत नाहीस. वर लिहितोस, ‘आप्पा, मी मुळात खेळाचा माणूसच नाही.’

नसशील. शाळेत कबड्डी चालायची तेव्हा तू गुण लिहायला बसायचास, ते मला चांगलं आठवतं. आपल्या शाळा संघापुरती बारा पोरं निवडतात आणि बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवतात. ती बाकीची पोरं मग जन्मभर समजून चालतात की अंग हलवणं हे त्या बारा जणांचं काम.

मीसुद्धा खेळाचा माणूस नाही. रोज चालतो, पण निघताना उत्साह वगैरे काही येत नाही. चपला घालताना कंटाळाच येतो. ‘एकदा गोडी लागली की बघ’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना लागली असेल, मला लागली नाही. तुलाही लागेल असं वचन मी देत नाही. आवडलंच पाहिजे ही अट तेवढी काढून टाक, अर्धं ओझं तिचंच असतं.

तू म्हणतोस, तुमच्या केळीच्या वजनकाट्यावरचे हमाल कुठे जिमला जातात! खांद्यावर केळीचा घड घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारा माणूस तुला खिडकीतून तगडा दिसतो. संध्याकाळी त्याची पाठ कशी आहे ते विचार एकदा. तेच ओझं, तोच खांदा, वर्षानुवर्षं. ते कष्ट आहेत, पोटासाठी केलेले. त्यांना व्यायाम म्हणणं हा खुर्चीत बसणाऱ्यांचा शहाणपणा. तुझी अडचण उलटी आहे. बिलं, वजनं, गाड्यांचे नंबर यांत सकाळची संध्याकाळ होते आणि पायांना काम म्हणून नसतं.

तुझ्या मनगटावरचं घड्याळ दहा हजार पावलं मागतं ना? तो आकडा कुठल्या डॉक्टरने शोधलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच तो होता. तिथून जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. मध्यम म्हणजे चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. पूर्वी एका दमात निदान १० मिनिटं झाली तरच ती धरत. २०२० मध्ये ती अटही काढली. म्हणजे ट्रक भरेपर्यंत आवारात मारलेल्या चार फेऱ्याही हिशेबात येतात. जेवण झाल्या झाल्या थोडं चाललास तर रक्तातली साखर एकदम चढत नाही, कारण हलणारे स्नायू ती ओढून घेतात. तुमच्या घरात मधुमेह आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. वजन मात्र नुसत्या चालण्याने फारसं उतरत नाही. शेवभाजीचा रस्सा ओरपून झाल्यावर घड्याळाकडे बघू नकोस.

खरी अडचण वेगळीच येणार आहे. आपल्याकडे धडधाकट माणूस रस्त्याने पायी दिसला की लोकांना राहवत नाही. पहिला मोटारसायकलवाला थांबेल, ‘काय भो, गाडी बंद पडली का?’ तू नाही म्हणशील. ‘मग बस मागे!’ फिरायला निघालोय म्हटलंस तर तो वरून खाली बघेल आणि दवाखान्याची चौकशी करेल. १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाला मुंबईहून ज्योत धावत आणली होती आपल्या फैजपूरला, पण आज तू नुसता झपझप चाललास तरी गाव काळजीत पडतं. यावर उपाय नाही. रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने जा. लोकांना सवय होते, मग नुसता हॉर्न वाजवून पुढे जातात.

ऊन सांभाळ. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा सकाळी साडेसहाच्या आत घरी. ते जमलं नाही तर रात्री जेवण झाल्यावर, बागांकडच्या वाटेने मात्र नको. तिथे जनावर निघतं. गावातल्या दिव्याखालून जा.

आणि नुसतं चालून भागत नाही. हातापायांत जोर राहावा म्हणून आठवड्यातून दोन दिवस ताकदीचं काहीतरी लागतं. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठ-बस करून बघ, दहा वेळा. तुझ्या वयाला ते सहज जमायला हवं. पहिल्यांदा केलंस की मांड्या दोन-तीन दिवस दुखतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो; त्याला घाबरू नकोस. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र थांब आणि डॉक्टर गाठ.

आता त्या फीचं. हे दोन दिवस तिथेच घाल, पैसे वसूल होतील. ट्रेडमिलकडे फिरकूसुद्धा नकोस, चालायला रस्ता फुकट आहे. दुपारी तीनला जा, तेव्हा दंड दाखवणारी मंडळी नसतात. शेठला मी सांगतो, त्या दोन दिवशी तासभर सोडतील. मात्र मार्चअखेरचा हिशेब आधी पुरा कर.

तुझा,
आप्पा